भिंत नको असलेला फळा

मी फळा बोलतोय, पण भिंतीवरचा नव्हे. मांजरपाटावर काळा रंग देऊन, दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या शिवून केलेला गुंडाळी फळा.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या एका गावात पत्र्याची शाळा उभी राहिली. मदतीच्या ट्रकमधून टीव्ही आला, पण वीजच नव्हती. प्लास्टिकचा सांगाडाही आला. तो बघून पोरं रडायला लागली. शाळेच्या सुकन्याबाईंनी तो गुपचूप खोक्यात घातला.

"अजून काय पाठवू?" मदत पाठवणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"भिंत लागणार न्हाई असा फळा. पोरं भिंतीजवळ बसत न्हाईत."

साहेबांच्या यादीत असलं काही नव्हतं. मग बाई लातूरला मकसूद पेंटरकडे गेल्या.

"दुकानाची पाटी हाय का, बाई?"

"न्हाई मकसूदभाई, शाळा हाय."

मकसूदभाईंनी तीनदा रंग दिला, उन्हात वाळवला, खडू ओढून बघितला. पैशाचं नावही काढलं नाही.

बाईंनी मला लिंबाच्या फांदीला टांगलं. समोर सात वर्षांची महानंदा बसायची. घरात आता ती आणि तिची आजी गंगम्मा, दोघीच उरल्या होत्या. महानंदा शाळेत एक शब्द बोलत नसे, म्हणून आजीही रोज येऊन बसे. गंगम्माला अक्षर येत नव्हतं, पण पावकीचा पाढा तोंडपाठ.

"अव्वा, तुम्ही म्हणा, मी लिहिते," बाई म्हणाल्या.

"एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण..."

मी भरून गेलो. म्हातारीनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे माझंच बोलणं हाय व्हय?"

"हाव, अव्वा," महानंदा म्हणाली. "हे बघ, पाव."

बाईंनी पाठ फिरवली आणि बराच वेळ खडू शोधत राहिल्या. खडू हातातच होता.

पुढं बाई मला दर आठवड्याला शाळेकडे सरकवत गेल्या. आधी दाराशी, मग आत. पोरं मागोमाग आली. महानंदा तेवढी उंबऱ्यावरच थांबली. एकदा वाऱ्यानं मी फडफडायला लागलो.

"महानंदा, धर गं जरा!"

तिनं वर पत्र्याकडे बघितलं. मग धावत आत आली आणि माझी खालची काठी घट्ट धरली. तास संपेपर्यंत सोडली नाही.

आज ती लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. तिथला मोठा पडदा धडधडतं हृदय दाखवतो. मला ते जमणार नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. बाईंनी निवृत्त होताना मला तिच्याकडे दिलं. रविवारी ती मला क्लासच्या मुलांच्या मेसच्या अंगणात टांगते. तिथं भाकरी थापणाऱ्या बाया अक्षरं शिकायला समोर बसतात.

माझा रंग घड्यांवर तडकलाय. तरी आज त्यांच्यातल्या साखराबाईंनी माझ्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. 'ख' जरा मोडका आला. महानंदानं पुसायला फडकं उचललं.

"मॅडम, आजच्या दिवस राहू द्या की."

राहू द्या. आज मला कुणी गुंडाळू नका.