पामच्या घरात डाळ शिजते का

"काका, तुमच्या घरात डाळ शिजते का?"

आनंदीनं हे विचारलं तेव्हा पुंडलिककाका अंगणात सुपारी कातरत बसले होते आणि तिचे अण्णा, खंडेराव, शिडीवर चढून घराच्या आढ्याचं लाकूड नखानं टोकरून बघत होते. घर पुंडलिककाकांचं; ते विकून मुलाकडे पालघरला जायचं त्यांनी ठरवलं होतं. घ्यायचं होतं अण्णांना. डाळीचा विषय तोवर कुणी काढला नव्हता.

तो काढायला लावला होता जयवंती आणि नवसीनं. दोघी पाम गावच्याच, बोईसरच्या शाळेत आनंदीच्या वर्गात. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत आनंदीनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आता आम्हीही पामचे होणार, आणि कुणाचं घर तेही सांगितलं. तशा त्या एकमेकींकडे बघून हसल्या. "इचार त्याला, डाळ शिजते काय," जयवंती म्हणाली. "इचारशील तर खरी." का विचारायचं ते मात्र सांगेनात. वर्षभरापूर्वी हीच आनंदी हजेरीला 'हजर' म्हणतानाही खाली बघायची. पण स्नेहसंमेलनात तिनं न अडखळता भाषण ठोकलं होतं, आणि तेव्हापासून जगात कुणालाही काहीही विचारता येतं अशी तिची खात्री झाली होती.

अडकित्ता थांबला. पण काका चिडले नाहीत.

"होळीपर्यंत शिजते," ते म्हणाले. "मंग नाय. खाडीचं पाणी झिरपतं, इहीर खारी होते, खाऱ्या पाण्यात डाळ गळत नाय. पाऊस लागला की परत गोडी."

अण्णा शिडीवरून उतरले. एकेक पायरी, सावकाश.

तयारीत त्यांनी काही कमी ठेवलं नव्हतं. बीडकडचं गाव सोडून तारापूरच्या वीज प्रकल्पाच्या बांधकामावर आल्याला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत चार भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या. तिसरीच्या मालकानं तर पाहुणे येणार म्हणून दोन दिवसांत सामान बाहेर काढायला लावलं. तेव्हापासून अण्णांनी घर बघायला घेतलं. या घरी ते चौथ्यांदा आले होते. कौलं मोजून झाली, भिंतीला कान लावून झाला, दार पूर्वेला आहे ना तेही उगवत्या उन्हात येऊन बघून झालं. विहिरीत तर त्यांनी दगड बांधून दोरी सोडली होती आणि ओली दोरी हातानं मोजली होती. पौषात नऊ हात पाणी. घरी येऊन त्यांनी हे मायला दोनदा सांगितलं. त्यांच्या गावी विहिरीला एकच गोष्ट विचारायची असते, पाणी आहे का नाही. असलेलं पाणी चाखून बघायचं असतं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

"मग सांगायचं नाही का आधी?" अण्णांनी विचारलं.

"इथं शेंबडं पोर पण जाणतं. तुमी दोरी सोडलीत, आमी बघत होतो. ओंजळभर प्यालात नाय. वाटलं, ही प्रकल्पावरची माणसं, नळच आणणार असतील."

अण्णांनी आनंदीला सायकलवर मागे बसवलं आणि ते घराकडे निघाले. घरी आल्यावर मायला, इंदुबाईला, एवढंच म्हणाले की ते घर घ्यायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, बयाणा द्यायचा ठरला होता. तो दिला नाही तर सोमवारी तारापूरचा एक कंत्राटदार घर घ्यायला टपलेलाच होता. मायनं ऐकून घेतलं आणि पाचवी खोली कुठं मिळते ते आता तुम्हीच बघा, असं म्हणून ती पीठ मळायला बसली. पीठ मळून झालं तरी ती मळतच होती.

आनंदीला रात्रभर एकच वाटत होतं. प्रश्न आपण विचारला, तेव्हा पुढचंही आपणच विचारायला पाहिजे. पुंडलिककाकांच्या घरात चार माणसं जन्मभर राहिली. उन्हाळ्यात ती पीत काय होती?

सकाळीच ती पामला गेली आणि जयवंतीला धरून हे विचारलं. जयवंती आता हसली नाही. ती तिला ताडांच्या पलीकडे, शंभरेक पावलांवर, राहीबाईंच्या विहिरीपाशी घेऊन गेली. राहीबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी आनंदीच्या रिबिनीपासून चपलांपर्यंत सगळं नीट बघून घेतलं आणि सांगितलं की ही विहीर कधी खारी झाली नाही आणि पाणी कुणाला विकत दिलं नाही. चैत्रात गाळ काढतात. ज्या घरचा माणूस गाळाला येतो, त्या घरची घागर वर्षभर भरते. पुंडलिकाचा मुलगा यायचा.

"तुमच्यातला कोण येल?"

अण्णांची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची, आणि काँक्रीट पडायचं असलं की सुट्टीचं नाव नाही. भाऊ तिला नव्हता.

"मी," आनंदी म्हणाली.

"पोरी आत उतरत नाय."

"मग वर उभी राहून घमेली ओढीन."

"हात सोलतात."

"सोलू द्या, मावशी."

"मंग चैत्रात ये," म्हणत राहीबाईंनी पोहरा सोडला आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. आनंदीनं आधी जिभेवर धरून बघितलं, मग प्यायली.

ती घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. अण्णा सदरा चढवून पुंडलिककाकांना नकार कळवायला निघाले होते. मायनं चपला त्यांच्यापुढे सरकवल्या नव्हत्या, एवढाच काय तो तिचा विरोध. आनंदी दारातच उभी राहिली.

"अण्णा, माय, ते घर घ्यायचं," ती म्हणाली. "उन्हाळ्याचं पाणी राहीबाईंच्या विहिरीवरून. आपल्या घरचा माणूस म्हणून मी माझं नाव सांगून आले. दर चैत्रात गाळाला मी जाणार. गाळ परीक्षेच्या दिवसांत आला तर रात्री अभ्यास करीन, पण जाणार."

मायनं बयाण्याचे पैसे अण्णांच्या हातात ठेवले आणि चपला त्यांच्यापुढे सरकवल्या.