तांबडा रंग जातो तिथपर्यंत

मी एक सॉफ्टवेअर बोलतोय. मला वजन नाही, वास नाही, ठेवायला कोनाडाही लागत नाही. संगणकाच्या अंगात किती दम आहे ते मोजायचं, एवढंच माझं काम. डॉक्टर माणसाला जिने चढायला लावून छाती तपासतात ना, तसं मी संगणकाला एक अवघड काम देतो, त्याला किती धाप लागते ते बघतो आणि शेवटी एक आकडा सांगतो. त्या आकड्यापायी माणसं काय काय करतात, ते पाहून मी आजही चाट पडतो.

माझा जन्म एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर झाला. खालून दिवसभर वाफेच्या इस्त्रीचे सुस्कारे ऐकू यायचे. मला घडवणारी तिघं होती. दोघांनी माझं गणित लिहिलं, आणि तिसरी चित्रकार होती, तिनं माझा समुद्र काढला. कारण मी संगणकाला देतो ते काम म्हणजे एक समुद्र. एका होडीपासून सुरुवात करून पाण्यात खाली खाली तळापर्यंत जायचं, आणि वाटेतली प्रत्येक लाट, मासा, उजेडाची तिरीप संगणकानं त्याच क्षणी रंगवायची. तळाशी भलेभले गुडघे टेकतात. एवढं बारीक काम कशाला, बघणार कोण, असं सोबत्यांनी तिला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "कुणी बघो न बघो, खोटं पाणी मी काढणार नाही."

सोबत्यांचं म्हणणं खरं ठरलं. मी बाहेर पडलो आणि शौकिनांच्या उड्या पडल्या, पण सगळ्यांचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर. कुणी संगणकाचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. कुणी कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघडून, कानाला मफलर गुंडाळून बसला. हाती लागायचं काय, तर काहीच नाही. तरी आकडा जरा वर सरकला की मोठमोठी माणसं खुर्चीतून उठून नाचायची. मी मनात म्हणायचो, धन्य आहे बाबा या जातीची!

त्यातला सगळ्यांत वेडा म्हणजे बर्फवाला. शाळेत भूगोल शिकवायचा; संगणक थंड ठेवायला बर्फ वापरायचा, म्हणून हे नाव. सगळ्यांत मोठा आकडा कुणाचा, अशी एक शर्यत माझ्या कर्त्यांनी लावली होती. पहिल्या येणाऱ्याचं नाव माझ्या पहिल्याच पडद्यावर कायमचं कोरलं जाणार होतं. बर्फवाल्यानं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

याच शौकिनांत एक सूनबाई होती. छापखान्यात पानं जुळवायचं काम करायची आणि घरचा संगणक तिनं सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. नवरा नोकरीसाठी दूरदेशी. घरात ती आणि सासरे, दोघंच. सासरे जन्मभर पाणबुड्याचं काम केलेले. बंदरात बुडी मारून जहाजांचे तळ तपासायचे, खरवडायचे. आता त्यांच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत चालले होते. ऑपरेशन ठरलं होतं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उरलंसुरलं दिसणंही जाऊ शकतं. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. तसं एकूणच बोलणं बेताचं. जेवायला वाढलंय, औषध घेतलंत का, एवढंच.

एका दुपारी सूनबाईनं मला सुरू केलं. सासरे मागून जाता जाता थबकले. मग स्टूल ओढून पडद्याला नाक लावून बसले.

"ती दोरी बघ," ते म्हणाले. "होडीपाशी तांबडी होती. आता मातकट झाली. अजून खाली काळी दिसेल. पाण्यात तांबडा रंग सगळ्यांच्या आधी जातो. हे ज्यानं काढलंय, तो पाण्यात उतरलेला माणूस आहे."

सूनबाईनं मला कितीदा चालवलं होतं, पण ती दोरी तिला तेव्हा पहिल्यांदा दिसली. तळ जवळ आला तसं चित्र अडखळायला लागलं आणि संगणक तापून बंद पडला. सासरे काळ्या पडद्याकडे बघत बसले. "तळ राहिला," एवढंच म्हणाले.

मग तिनं चंगच बांधला. धूळ झाडली, पंखे बदलले. चित्राचा दर्जा उतरवला तेव्हा मी तळापर्यंत सुरळीत पोचलो, पण मग रंगाचं ते अवघड गणित गळून पडलं आणि पाणी नुसतं निळं झालं. सासरे नम्रपणे म्हणाले, "छान आहे. पण हे पाणी नव्हे."

शेवटी तिनं शौकिनांच्या गटात सगळी हकिकत लिहिली. मंगळवारी ऑपरेशन आहे, त्याआधी त्यांना तळ दाखवायचाय. कुणी म्हणालं नवा संगणक घ्या, कुणी विचारलं आधी तुमचा आकडा सांगा. बर्फवाल्यानं फक्त पत्ता विचारला.

रविवारी दुपारी तो दारात उभा. हातात टॉवेलात गुंडाळलेलं त्याचं ग्राफिक्स कार्ड, संगणकाला चित्र काढायचं बळ देतं ते. शर्यतीचा तोच शेवटचा दिवस होता, आणि सकाळीच एकानं त्याला मागे टाकलं होतं. सूनबाई ओशाळली. म्हणाली, तुम्ही घरी असायला हवं होतं.

"शर्यत पुढच्या वर्षीही असेल," तो म्हणाला आणि स्क्रू काढायला बसला.

कार्ड बसलं. मी सुरू झालो, आणि या वेळी अडखळलो नाही. होडी, दोरी, माशांचे थवे. सासरे हळू आवाजात सांगत होते, तांबडा गेला, आता पिवळा जाईल. मग तळ आला. वाळूवर लाटांनी उमटवलेल्या वळ्या, वरून झिरपणारा थोडासा उजेड. सासऱ्यांनी काचेवर बोटं टेकली. सूनबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बर्फवाल्याचा आ वासलेला तसाच राहिला. "हे रोज माझ्यासमोर होतं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

चित्र संपलं. मी आकडा दाखवला. चांगला घसघशीत होता. तिघांपैकी एकानंही वाचला नाही. "पुन्हा लाव," सासरे म्हणाले. अंधार पडेपर्यंत मी चालत होतो. इतकं कुणी मला कधी पाहिलं नव्हतं, आणि एका चित्रासमोर तीन माणसं अशी गप्प होतात, हे मीही कधी पाहिलं नव्हतं.

बर्फवाला दुसरा आला. माझ्या पहिल्या पडद्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. ऑपरेशननंतर सासऱ्यांचा उजवा डोळा गेला. डाव्यानं खिडकीतला उजेड आणि समोरच्या माणसाचा आकार तेवढा कळतो. सूनबाई आता जेवताना त्यांना जहाजांबद्दल विचारते, आणि ताटावरचे हात वाळेपर्यंत ते सांगत राहतात.

माझी पुढची आवृत्ती निघतेय. लवकरच मला पुसून तिला जागा देतील, रीतच आहे. पुसण्याआधी मला एकदा शेवटपर्यंत बघा, एवढंच मागणं आहे. आणि जाता जाता परवाची गोष्ट सांगतो.

सुट्टीत भूगोलाचे मास्तर, म्हणजे आपला बर्फवाला, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर गेले. एका पाणबुड्याचं बोट धरून पाण्यात उतरले आणि वर येताच त्यांनी या घरी फोन लावला. दम लागलेला, शब्द सुचत नव्हते.

"खाली जाताना कान दुखले का?" सासऱ्यांनी विचारलं.

"जाम दुखले."

"मग खरा उतरलास." त्यांनी स्टूल ओढलं, फोन कानाशी नीट धरला आणि डोळे मिटले. "आता काय काय दिसलं ते सांग. सावकाश सांग. मला घाई नाही."