पेन्सिलीचा ठिपका

दीड वर्षापूर्वी नांदेडहून आलेलं स्वप्नालीचं पत्र गुरुबसप्पांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. रोज चष्मा काढताना ते हाताला लागे, आणि आपण उत्तर दिलं नाही हे रोज आठवे.

गुरुबसप्पा लातूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते, तेव्हा स्वप्नाली शाळेच्या दप्तरासकट तिथं यायची. पुढं लग्न होऊन नांदेडला गेली, संगणकाचं शिकली. उमरी-नायगावकडच्या वाचकांना घरबसल्या पुस्तकं मागवता यावीत म्हणून ती वेबसाइट तयार करत होती. तिनं लिहिलं होतं, "सर, माझ्या फॉर्मात एक रकाना चुकला की भरलेलं सगळं पुसलं जातं. वर लाल अक्षरात 'अवैध' येतं. ब्राउझरमधला पत्ताही बदलतो, आणि त्या पत्त्यावर परत गेलं तर पान सापडतच नाही. चुकलेल्या माणसाला आपण बाहेरच काढतो की! ते मी दुरुस्त करीन, पण शब्द तुम्ही द्या. पाच वाक्यं. चिठ्ठी परत देताना बोलायचात तशी."

चुकीच्या भरलेल्या मागणी-चिठ्ठीवर गुरुबसप्पा कधी काट मारत नसत. चुकल्या जागी पेन्सिलीनं बारीक ठिपका देत आणि काहीतरी पुटपुटत चिठ्ठी परत सरकवत. काय पुटपुटत, ते त्यांना स्वतःलाच आठवेना. पाच वाक्यांपायी दोन वह्या भरल्या. एक वाक्य उद्धट वाटे, दुसरं पुस्तकी. पोरीनं उगाच आपलं मन राखायला विचारलं असेल, असं म्हणत ते पुन्हा खोडत.

पाचही जमली, तेव्हा धीर करून त्यांनी पत्रातल्या नंबरवर फोन लावला. तिच्या नवऱ्यानं, मृत्युंजयनं उचलला.

"स्वप्नाली आहे का? मी लातूरहून गुरुबसप्पा."



"ठिपकेवाले सर? सर, ती गेली. दिवाळीच्या आधी. लई बिमार होती."

गुरुबसप्पांनी समोरची वही मिटली.

"तुमच्या पत्राची लई वाट बघितली तिनं. पोस्टमनला म्हणायची, 'मामा, सर लाजतेत, तुम्हीच एखादं लिहून आणा की.'"

"मी... वाक्यं जमवत होतो."

"हाव, तिला ठाव होतं. म्हणायची, 'सर अजून खोडून राहिले असतील.' मग आठवलं तसं तिनंच लिहिलं. साइट चालू हाय, सर. निरोप आता माझ्याकडं येतेत. एकदा बघा तरी."

दुपारी त्यांनी मोबाईलवर तिच्या साइटचं निरोपाचं पान उघडलं. नाव लिहिलं, नंबर लिहिला, वहीतली पाचही वाक्यं उतरवली आणि खाली जोडलं, 'स्वप्नाली, उशीर झाला.' मग 'पाठवा' दाबलं.

पान परत आलं. सगळं पुसलं गेलं असणार, असं त्यांना वाटलं. पण काहीच पुसलं नव्हतं. वरचा पत्ताही होता तोच. फक्त नंबरापाशी शिशाच्या रंगाचा एक बारीक ठिपका होता. त्यांनी सवयीनं मराठी आकडे टाकले होते. ठिपक्यापुढं लिहिलं होतं, 'एवढी एक जागा बघता का? बाकी सगळं छान भरलंय. आकडे तेवढे इंग्रजीत हवेत.'

एवढी एक जागा बघता का. हेच ते पुटपुटत असत. दोन वह्यांत हे कुठंच नव्हतं.

चष्मा पुसून त्यांनी आपली पाचही वाक्यं काढून टाकली. 'उशीर झाला' एवढंच ठेवलं आणि त्यापुढं लिहिलं, 'तुझेच शब्द बरोबर आहेत.' मग एकेक आकडा बदलला, आणि 'पाठवा' दाबलं.