घोडकुरण

शहादेवानं गुत्तेदारानं कुरणात ठोकलेल्या मोजणीच्या खुंट्या उपटून ओढ्यात भिरकावल्या आणि विठ्ठलराव पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं.

"खुट्या उपटून काय हुतंय बे? उद्या तहसीलदार सायेब सोता येनार हाय. कुरनात घोड्या दिसल्या तर कुरन गावाचं. न्हाई दिसल्या तर पडीक म्हनून गुत्तेदाराला. तितं कापसाचा कारखाना हुनार."

"गावात घोड्या हायेत की. गुत्तेदार आंधळा हाय का?"

"आंधळा कावून आसंल? गावात घोडी औशदाला न्हाई म्हनून म्याच दरसाली केजच्या कचेरीत सांगून येतो. त्येच धरलंय त्यानं."

शहादेव कुरणाचा राखणदार, पण या खोट्यात त्याच्यासकट सारं गाव सामील होतं. घोडी आहे म्हटलं की ती वेठीला गेलीच. साहेबाच्या दौऱ्याचं ओझं तिच्या पाठीवर, आणि परत आली तर आली. म्हणून वाडवडलांपासून एक रीतच पडली होती. सरकारी पागोटं लांबून दिसलं की वेशीवर हलगी वाजायची, आणि हलगी वाजली की बायाबापे काठ्या घेऊन घोड्यांना ओढ्यापलीकडच्या घळीत पिटाळायचे. सरकारला बनवल्याचं गावाला मोठं कौतुक. ते आता अंगाशी आलं होतं.

सांजेला महादेवाच्या देवळापुढं गाव जमलं. ताराबाईची घोडी गेल्या साली बाजाराच्या वाटेवर पकडली गेली आणि गेवराईच्या दौऱ्यात पाठ सोलून घेऊन आलेली. ताराबाई ठसक्यात म्हणाली, "दावली की गेली. म्या माजी दावनार न्हाई."

"नका दावू," शहादेव म्हणाला. "मंग चारनार कुटं? चुलीम्होरं?"

"हिकडं आड न् तिकडं हीर," पाटील पुटपुटला.

शेवटी सगळ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. घोड्या कुरणात आणायच्या, मागं हटायचं नाही. शहादेवाची तांबडी घोडी गाभण होती. दावली की ती वेठीला जाणार, हे त्याला कळत होतं. पण कुरणच गेलं तर तिच्या शिंगरानं बागडायचं कुठं?

सकाळी साऱ्या घोड्या कुरणात मोकळ्या चरत होत्या. गवत गुडघाभर, दवानं ओलंचिंब. शहादेवाला वाटलं, जिरली गुत्तेदाराची. पण ऐनवेळी पाटलाला अवदसा आठवली. एवढा तहसीलदार येतो, मग वाजतगाजत नको का? त्यानं वेशीवर हलगीवाले उभे केले.

हलगीवर पहिली थाप पडली आणि घोड्यांनी कान टवकारले. दुसरीला त्या उधळल्या. माणसं वाटेत आडवी गेली, हाका मारमारून घसे बसले, पण ऐकतंय कोण? गाभण तांबडी सगळ्यांच्या पुढं. साहेबाच्या डोळ्यांदेखत अख्खा कळप ओढा ओलांडून घळीत गडप झाला.

"हुजूर, रिकामं पडलंय बगा कुरन," गुत्तेदार हात जोडून म्हणाला.

साहेबाला हसू आवरेना. "रिकामं कहां? इतने घोडे हैं. कुरन गाव का रहेगा." गावाचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो पाटलाकडं वळला. "हर साल झूट बोलते थे, पटेल? अब सब घोडे दौरे में चलेंगे."

साहेबाच्या प्याद्यांनी शहादेवाला पुढं घातलं. घोड्या काढून दे, नाही तर कुरण गुत्तेदाराला, असं त्याला बजावलं. घळीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं तांबडीला हाक मारली. त्याच्या आवाजाला ती बिचारी लगेच बाहेर आली आणि तिच्या मागं बाकीच्या आल्या. शहादेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायको मुक्ताबाई दारातच होती. "अवो, ऱ्हायलं का कुरन?"

"ऱ्हायलं."

"आन् तांबडी?"

विळा घेऊन तो कुरणात गेला, मावेल तेवढं गवत कापलं, भारा बांधला.

"तिकडं तिला कोन चारनार हाय?" एवढंच म्हणून त्यानं भारा डोक्यावर घेतला आणि साहेबाच्या दौऱ्यामागं केजची वाट धरली.