बुटक्या पायऱ्यांचा जिना

मित्रांनो, बोललेला शब्द वाऱ्यावर विरतो असे पुष्कळांना वाटते. परंतु ज्या शब्दावर विसंबून कोणी आपला दुसरा आसरा सोडला, तो शब्द विरत नाही; त्यावर घर उभे राहते. मी एक जुना लाकडी जिना आहे. हे नवल मी अंगावर वागवले आहे.

तळमजल्यावर एक विधुर घड्याळजी राहत. त्यांची पुतणी शिवणकाम करी. तिचा एक पाय अधू होता. ती दुसरीकडे घर घ्यायला निघाली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, ते घर सोड. वर खोल्या बांध. त्या तुझ्याच."

तिने ते घर सोडले आणि स्वतःच्या कष्टाने वर खोल्या उभारल्या. सुतारमामा कुरकुरले, "एवढ्या बुटक्या पायऱ्या? काका, जिना अर्धं अंगण खाईल!"

"खाऊ दे. तिच्या पावलाचं माप घे. जन्मभर तिलाच चढायचंय."

असा मी जन्मलो. ती मला तेल लावी, काकांची सेवा करी. पुढे काका निवर्तले आणि त्यांचा मुलगा परगावाहून आला.

"ताई, घर माझ्या नावावर आहे. खोल्या रिकाम्या कर. कागद आहे का तुझ्याकडे?"

"काकांचा शब्द आहे."

"शब्दाला कुलूप लावता येतं का?"

तो न्यायालयात गेला. माझे तेलपाणी थांबले, कठडा खिळखिळा झाला. अखेर न्यायाधीश स्वतः जागा पाहायला आल्या. त्यांनी पहिले पाऊल टाकताच मुलगा घरच्या जुन्या सवयीने बोलून गेला, "जपून हं, ताईचा जिना बुटका आहे."

"कोणाचा?" त्यांनी विचारले.

त्याने जीभ चावली.

सुतारमामांनी मापाची हकिकत साक्षीत सांगितली. न्यायाधीश निकालात म्हणाल्या, "पाहुणीच्या पावलाचं माप घेऊन कोणी जिना बांधत नाही. वडिलांच्या शब्दावर हिने आपलं होऊ घातलेलं घर सोडलं, इथे कष्ट ओतले. आता तो शब्द मुलालाही फिरवता येणार नाही. हिला इथून कोणी काढू शकत नाही."

केवढे हे सामर्थ्य! ज्याने उच्चारला तो गेला, आणि त्याचा शब्द मात्र छप्पर धरून उभा राहिला.

काही दिवसांनी मुलगा माझ्यापाशी घुटमळला. "ताई, कठडा हलतोय. सुताराला बोलावू?"

"कोणाच्या जिन्यासाठी?" ती वरून म्हणाली.

तो ओशाळून हसला. "तुझ्याच गं."

मित्रांनो, लाकडाला तेल द्या, दिलेल्या शब्दाला जपा. चढणारीचे पाऊल स्थिर राहो; खाली उभ्या असलेल्या भावाचेही कल्याण होवो.