तेरा की बेचाळीस

तारांगणाच्या संग्रहालयात पाट्या रंगवायचं काम तिच्याकडे होतं. साहेबांनी फर्मान काढलं, की लोकांना पार्सेक कळत नाही, तेव्हा सगळी अंतरं प्रकाशवर्षांत करा. एका पार्सेकची सव्वातीन प्रकाशवर्षं, किंचित जास्तच. तिने महिनाभर गुणाकार केले आणि पाट्या बदलल्या.

कोपऱ्यातल्या फिकट पिवळ्या ताऱ्याच्या चित्रासमोर रोज दुपारी एक म्हातारे शिंपी येऊन बसायचे. गळ्यातली टेप काढायचंही त्यांना भान नसे.

एकदा तिने विचारलं, "काका, रोज हाच तारा?"

"तेरा प्रकाशवर्षं लिहिलंय ना तुम्ही. गाइड म्हणाला, तिथून आज कुणी इकडे पाहिलं तर त्याला तेरा वर्षांपूर्वीचं दिसेल. आमच्या हिला जाऊन साडेबारा झाली. म्हणजे तिथे ती अजून आहे. अंथरुणावर आहे, पण आहे."

त्याच आठवड्यात जुनी वही चाळताना ती त्या ताऱ्याच्या ओळीवर थांबली. तेरा हा पार्सेकचा आकडा होता. एकक बदललं होतं, गुणाकार राहून गेला होता.

गप्प बसता आलं असतं. तारा थोडाच तक्रार करणार होता! पण दोन दिवस तिला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं.

शिंपीकाकांनी गळ्यातली टेप काढून उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हणजे इंचाचा आकडा सेंटिमीटर म्हणून लिहिलास."

"हो काका."

"असा शर्ट शिवला असता, तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता." मग हळूच विचारलं, "खरं किती?"

"बेचाळीस."

तिच्या भरल्या डोळ्यांना छतावरचे दिवे पाण्यात पडल्यासारखे थरथरताना दिसत होते. काका बोटांवर काहीतरी मोजत होते.

"लग्नाला एकेचाळीस झाली," ते म्हणाले. "म्हणजे तिथे ती मला ओळखतसुद्धा नाही." आणि एकाएकी हसले. "लग्नाआधी सात महिने कोटाचं बटण लावून घ्यायला आली होती. मग महिनाभर रोज एक बटण तुटायचं! तिथे ती यायला अजून पाच महिने आहेत, पोरी. दुकान झाडून ठेवायला हवं."

तिने नवी पाटी आणून लावली. काका लांब उभे राहून डोळा बारीक करत म्हणाले, "डावी बाजू सूतभर वर घे. हां, बस्स." मग दोन कोट आजच द्यायचेत म्हणत लगबगीने निघाले.

ती रिकाम्या बाकावर टेकली. तिचं वय चौतीस. तिथे तिचा अजून जन्मही व्हायचा होता. साहेब दारातून हाका मारत होते. ती जरा वेळ तशीच बसून राहिली.