करंजशेतचं स्वखुशीचं खत

सरकारी कामाची एक गंमत असते, मंडळी. काम करायला वर्ष पुरत नाही आणि काम झालं असं लिहायला एक दुपार पुष्कळ होते. करंजशेतचे ग्रामसेवक हनुमंत काशीद नोकरीत अगदी नवे होते, पण ही गंमत त्यांना फार लवकर कळली.

माणूस वाईट नव्हता. तळेगावचा, सरळ, थोडा भित्रा. ग्रामसेवक होण्याआधी तो एका दस्त लिहिणाऱ्याच्या हाताखाली खरेदीखतं आणि गहाणखतं उतरवून काढायचा. तिथं अक्षर वळणदार झालं आणि भाषाही तिथलीच अंगात मुरली. घरी पत्र लिहिलं तरी शेवटी ‘सदर मजकूर मला मान्य व कबूल आहे’ असं लिहायला त्याचा हात शिवशिवायचा.

त्या साली तालुक्यात कंपोस्ट खताची मोहीम निघाली होती. शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं, ‘घरोघरी खड्डा, शेतोशेती खत!’ योजना खरोखर चांगली होती. केरकचरा, शेण, राख, जनावरांपुढची उष्टी वैरण, सगळं खड्ड्यात टाकायचं, वर माती घालायची, कुजलं की शेतात न्यायचं. करंजशेतला तर याची फारच गरज होती, कारण गावाचा उकिरडा थेट विहिरीला टेकला होता. पावसात उकिरड्याचं पाणी विहिरीत उतरायचं आणि निम्मी शाळा हगवणीनं घरी बसायची. मागच्या श्रावणात विठाबाईचं तान्हं त्यातच गेलं होतं. गाव हळहळलं आणि दुसऱ्या दिवशी केर टाकायला पुन्हा विहिरीकडंच गेलं.

हनुमंतानं सुरुवातीला घरोघरी जाऊन खड्ड्यांचं सांगून बघितलं. कुणी म्हणालं, “मळनी हुंद्या.” कुणी म्हणालं, “लगीनसराई हुंद्या.” तेवढ्यात तालुक्याच्या साहेबांचा निरोप आला. ज्या गावात शंभर टक्के खड्डे होतील त्या गावाचा सत्कार आणि तिथल्या ग्रामसेवकाची नोकरी कायम! हनुमंताचं लग्न देहूरोडच्या एका मुलीशी ठरत आलं होतं. तिच्या वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, “कायम झालात की या. तोवर चहा प्यायला या.”

हनुमंतानं रडवेल्या तोंडानं सरपंच अंबाजी आबांना गाठलं. आबा पान जुळवत म्हणाले, “भाऊसाहेब, खड्डं खनायला मान्सं लागत्यात. लिवायला काय लागतंय?”

झालं! हनुमंतानं त्याच दुपारी लेखणी हातात घेतली आणि जुन्या सवयीनं ती चालू लागली. प्रत्येक घराच्या नावानं एकेक कागद तयार झाला: ‘मी माझे मालकीचे जागेत स्वखुशीने खत केले आहे, ते मला मान्य व कबूल आहे.’ आबांच्या ओसरीवर चहा पीत पीत गावानं सह्या केल्या, अंगठे उठवले. काय लिहिलंय म्हणून कुणी विचारलं नाही. सरकारी कागदावर अंगठा लावायचा असतो, वाचायचा नसतो, अशीच आपली समजूत!

राहिला फक्त एक जण, वरच्या ठाकरवाडीतला नवसू. वाडीत सातबाऱ्यावर त्या एकट्याचंच नाव होतं, म्हणून शंभर टक्क्याचं घोडं त्याच्यापाशी अडलं होतं. साहेब दुसऱ्या दिवशी येणार म्हणून हनुमंत घाम पुसत डोंगर चढला.

नवसू अंगणात टोपली विणत बसला होता. त्याची बायको पुतळाबाई लोणावळ्याच्या स्टेशनवर विकायला न्यायची करवंदं निवडत होती.

“नवसूबाबा, उद्या साहेब येणार आहेत, तुमचा तेवढा खताचा अंगठा राहिलाय,” हनुमंत म्हणाला.

नवसूनं आधी अंगठा मुठीत लपवला. “वाचून दावा,” तो म्हणाला.

हनुमंतानं वाचून दाखवलं. ‘स्वखुशीने खत’ हे शब्द कानावर पडताच नवसूच्या हातातली टोपली खाली पडली.

“न्हाई! आमी खत करनार न्हाई!”

“अहो, सगळ्या गावानं केलं.”

“गावाची जमीन गेली तर गाव बघंल. माज्या आज्यानं आसंच स्वखुशीनं खत केलंतं. सावकार बी आसाच घाम पुसत आलता. फकस्त अंगठा ऱ्हायलाय, मनला. वढ्याकाठची खाचरं गेली, तवापास्नं आमी ह्या खडकावर हाय!”

हनुमंताला हसू फुटलं, पण नवसूच्या डोळ्यांकडं बघून ते तिथंच विरलं. तो समजावू लागला, “बाबा, ते खत वेगळं. ते कागदाचं. हे शेणाचं!”

“शेनाचं हाय तर त्याला कागूद कशापायी?” पुतळाबाईनं करवंदांतून मान वर न करता विचारलं. “गाईनं शेन टाकलं तर आमी कुटं अंगठा लावतो?”

“पण मावशी, सरकारला कळायला नको का?”

“सरकारला डोळं न्हाईत व्हय?”

हनुमंतानं कागद परत पिशवीत घातला. मग नवसूनंच तोडगा काढला. “उद्या साहेब येनार न्हवं? बाकीच्यांची खतं मला डोळ्यांनी दावा. शेन दिसलं तर अंगठा. न्हाई दिसलं तर म्या चाललो रानात.”

त्याची मागणी इतकी रास्त होती की हनुमंताच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीच्यांची खतं म्हणजे त्याच्या पिशवीतले कागद. त्या कागदांना शेणाचा वासही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांची जीप आली. साहेब गोलमटोल, हसतमुख, आकड्यांवर जीव लावणारे. हार झाला, नारळ झाला, मुद्दाम लोणावळ्याहून आणलेली चिक्की झाली. साहेब भाषणात म्हणाले, “बंधुभगिनींनो, करंजशेत म्हणजे तालुक्याचं भूषण! एकच गृहस्थ राहिलेत असं कळलं. त्यांना शंका आहे. असू दे! लोकशाही आहे. आपण त्यांना प्रत्यक्ष दाखवू. सरपंच, तुमच्याच खड्ड्यापासून सुरुवात करा.”

आबांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. तरी बरं, अख्ख्या गावात खड्डा होता तो फक्त त्यांच्याच परसात. घर सारवायला माती काढली होती, त्याचा. वरात निघाली. पुढं साहेब, मागं गाव, शेवटी नवसू आणि वाडीतली माणसं. परसात जाऊन बघतात तो काय! खड्ड्यात चिखल आणि चिखलात आबांची म्हैस डोळे मिटून बसलेली!

“खत कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“म्हशीखाली हाय,” आबा म्हणाले.

“मग उठवा तिला.”

चार गडी लागले. शिंगं ओढली, शेपूट पिळली, आबांनी तर तिला आईबापाची शपथ घातली. म्हशीनं एकदा डोळा उघडून साहेबांकडं पाहिलं आणि परत मिटला. हनुमंताला त्या क्षणी म्हैस व्हावंसं वाटलं.

“असू दे, असू दे,” साहेब रुमालानं कपाळ टिपत म्हणाले. “पुढचा खड्डा.”

पुढचं घर केरबाचं. केरबा उंबऱ्यातच उभा होता. साहेबांनी मायेनं विचारलं, “काय केरबा, तुमचं खत दाखवा की!”

“आत्ता दावतो,” म्हणून केरबा आत गेला. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आला तो लाल फडक्यात बांधलेलं पुडकं घेऊन. ते त्यानं दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरलं. “माज्या बापानं केल्यालं खत हाय, साहेब. शिक्कासुद्धा हाय. सरकारला कशाला पायजेल ते तेवढं कळंना झालंय.”

साहेबांनी पुडकं सोडलं. आत वाळवी लागलेलं खरेदीखत!

मागून नवसू ओरडला, “बगा! म्या मनलो न्हवतो? ह्ये जमिनीचंच खत हाय!”

मग जो कल्ला उठला तो विचारू नका! “आरं देवा, आमी जमिनी लिवून दिल्या!” म्हणून झुंबरबाईनं हंबरडा फोडला. कुणी म्हणालं धरण होणार आहे, कुणी म्हणालं लोणावळ्याचे शेटलोक बंगले बांधणार आहेत. काल चहा पिऊन सही करणारे हनुमंताची पिशवी ओढू लागले. “आमचा अंगठा परत द्या!” अंबाजी आबांनी आपण नुसता चहा पाजल्याचं सांगून हात झटकले.

हनुमंत भिंतीला टेकला. समोर अख्खं गाव थरथरत होतं आणि ही भीती त्याच्याच वळणदार अक्षरानं निर्माण केली होती. कायमची नोकरी, देहूरोडची मुलगी, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडला, “कुणाची जमीन गेली नाही! कुणी काही लिहून दिलं नाही! ते शेणखतच आहे... म्हणजे तेही नाही! खड्डेच नाहीत! मी खोटं लिहिलं!”

कल्ला थांबला. झुंबरबाईनं हंबरडा मध्येच गिळला.

साहेबांनी हनुमंताला दंडाला धरून बाजूला घेतलं. मघाशी केरबाच्या घरातून साहेबांना पाण्याचा तांब्या आला होता, तो तसाच त्यांच्या हातात होता. हलक्या आवाजात ते म्हणाले, “अहो काशीद, हे काय केलंत? शंभर टक्के म्हणून मी कालच वर कळवलंय. आता आकडा वर गेला. मागाहून खणून घ्या सावकाश.”

पण पुतळाबाई जवळच उभी होती आणि डोंगरातल्या माणसाचे कान तिखट असतात.

“वर गेलेला आकडा खाली येत न्हाई व्हय, साहेब?” ती म्हणाली. “आमी तर रोज चढतो न् रोज उतरतो.”

“बाई, तुम्हाला यातलं कळायचं नाही,” साहेब म्हणाले.

“मला येवडं कळतंय की तुमी वर सांगितलं खड्डं झालं. आता वरचा साहेब मनंल, झालं ना, मंग हितं मानूस कशाला धाडायचा, मदत कशाला द्यायची? म्हंजे खड्डं कधीच हुनार न्हाईत. उकिरडा ऱ्हानार हिरीपाशी. भाऊसाहेबांनी तुमाला फशिवलं, तुमी वरच्यांना, न् गावानं तर आपल्याच पोरांना. ह्या विठाबाईला इचारा, मागच्या सरावनात काय झालं. ती पोरं त्येच पानी पित्यात, साहेब. त्यांच्या पोटाला तुमचा आकडा काय कामाचा?”

विठाबाईनं पदर तोंडाला लावला. साहेबांनी हातातल्या तांब्याकडं पाहिलं, मग विहिरीकडं, आणि तांब्या हळूच कट्ट्यावर ठेवून दिला.

“हे पाणी त्याच विहिरीचं?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” आबा खाली मान घालून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरा वाटला. “साहेब, कागूद लिवायची अक्कल माजी. भाऊसाहेबाला येकट्याला धरू नगा.”

साहेब म्हणाले, “मी वर कळवतो. करंजशेतात एकही खड्डा नाही, असं.” मग त्यांनी हनुमंताला विचारलं, “आणि काशीद, बाकीच्या गावांत?”

“तिथलं मला माहीत नाही, साहेब. पण म्हशी तिथंही असतील.”

साहेबांना हसू आलं, पण ते कडू होतं. सत्काराचा हार त्यांनी स्वतःच गळ्यातून काढला.

साहेबांनी शब्द पाळला. त्याची फळंही त्यांना मिळाली. गावोगाव तपासणी झाली, तालुका यादीत तळाला गेला, साहेबांना वरून खरमरीत पत्र आलं आणि हनुमंताची नोकरी कायम होणं लांबणीवर पडलं. पण खाली आलेल्या आकड्यामागोमाग माणसंही खाली आली. खड्डे आखून द्यायला, माती कशी घालायची ते दाखवायला साहेब स्वतः जीप घेऊन येऊ लागले. गावानं कुदळी काढल्या. विहिरीजवळचा उकिरडा गाड्यांत भरून शेतात गेला. या आळीनं त्या आळीचे खड्डे बघायचे आणि ग्रामसभेत उभं राहून सांगायचं, असं ठरलं. नवसूनं आपला खड्डा सगळ्यांत शेवटी खणला, कारण तो आधी प्रत्येकाच्या खड्ड्यात हात घालून शेणाची खात्री करून घेत होता.

देहूरोडचे सासरेबुवा लष्करी डेपोत मालाची तपासणी करायचे. झाला प्रकार त्यांच्या कानावर गेला तसे ते एका रविवारी न सांगता करंजशेतात आले, खड्डे हिंडून बघितले, एकात घोट्यापर्यंत पाय गेला. धोतर झटकत ते म्हणाले, “माल आहे! कायम व्हाल तेव्हा व्हा. पुढच्या महिन्यात मुहूर्त बघू.”

मंडळी, सरकार म्हणजे कुणी परका सावकार नव्हे आणि देवही नव्हे. आपण न वाचता अंगठा दिला की त्याला खोटं बोलायची सवय लागते, आणि आपण दाखवा म्हटलं की त्याला काम करावं लागतं. कचरा आपल्या घरातला असतो, योजना आपल्या पैशाची असते. मग विचारायची लाज का वाटावी? विचारणारा माणूस सरकारचा वैरी नसतो, तो त्याला शुद्धीवर ठेवतो.

पुढच्या साली साहेब करंजशेतच्या ग्रामसभेत संडासांची नवी योजना घेऊन आले. भाषण संपवून त्यांनी विचारलं, “कुणाला काही शंका?”

सबंध गाव उभं राहिलं. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, “आधी विठाबाईंना बोलू द्या.”